‘एफसिंक काढा, बिलं पळतील’: पळतील, पण कुठे?

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत एक मेसेज फिरतोय: ‘बिलिंग सॉफ्टवेअर रखडतंय? एफसिंक बंद करा. लिनक्सला जर्नल आहे, एसएसडी आहे, वर यूपीएस. भीती कसली?’ एफसिंक म्हणजे ‘हा डेटा आत्ताच्या आत्ता डिस्कवर उतरव, मगच पुढे जा’ असा प्रोग्रामचा हुकूम.

आधी जर्नल, म्हणजे बदल करण्याआधी ते टिपून ठेवायची वही. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमचं (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थेचं) जर्नल नेहमीच्या सेटिंगमध्ये फाइलसिस्टिमची रचना सांभाळतं, तुमच्या बिलाचा मजकूर नाही. प्रोग्रामने ‘राइट’ म्हटलं की डेटा रॅममधल्या पेज कॅशमध्ये जातो आणि ‘झालं’ असं उत्तर येतं. डिस्कवर जायला तो ३० सेकंदही घेऊ शकतो. दिवाळीच्या तोंडावर सियागंजातल्या किराणा पेढीवर ३० सेकंदांत किती पावत्या फाटतात, बघून या! २००९ मध्ये ईएक्सटी४ नवं असताना मशीन अचानक बंद पडून लोकांच्या फाइली शून्य बाइटच्या झाल्या होत्या. जर्नल होतंच की.

एसएसडीचा मुद्दा तर गैरलागू. रॅममधून खाली उतरलेलाच नाही तो डेटा एसएसडी काय वाचवणार?

यूपीएस वीज सांभाळतो, मान्य. नुसता प्रोग्राम कोसळला तरी कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) गेलेला डेटा टिकतो, हेही मान्य. पण कर्नलच अडकला आणि काउंटरवरच्या पोराने पॉवर बटण दाबून धरलं, तर यूपीएस काय करणार?

उरला वेग. ही तक्रार खरी आहे. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. दर सिंकला साधारण एक फेरा धरला तरी ८ मिलिसेकंद गेले. पण दुखणं बहुतेक वेळा कोडमध्ये असतं. वीस ओळींची पावती वीस सुट्या इन्सर्टनी (नोंद घालायच्या आज्ञांनी) लिहिली, तर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस प्रत्येक ओळीला वेगळं ट्रान्झॅक्शन (स्वतंत्र व्यवहार) धरतो आणि दर वेळी सिंक करतो. अख्खी पावती एका बिगिन-कमिटमध्ये, म्हणजे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घाला, फरक लगेच दिसेल. तरी पुरेना, तर वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहायची पद्धत) लावून एसक्यूलाइटची ‘सिंक्रोनस’ ही सेटिंग नॉर्मलवर आणा: वीज गेली तर शेवटची काही बिलं जातील, पण डेटाबेस मोडणार नाही. ‘ऑफ’ केलंत तर तोही मोडू शकतो. पैशाची नोंद असेल तर मी ‘फुल’च ठेवेन.

थंबनेल, रिपोर्टच्या तात्पुरत्या फाइली यांचं एफसिंक मात्र बिनधास्त काढा. गेल्या तर पुन्हा बनतात.