पुरात वाहून जाणाऱ्यांसाठी काही उपयुक्त सूचना

मराठवाड्यातल्या बंधू-भगिनींनो, २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, तेव्हा आपण पाणी पाणी करून सरकारचं डोकं खाल्लं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा, तेरणा आणि गोदावरीने एकदमच हिशेब चुकता केला. आता कुरकुर नको. वाहून जायचंच आहे तर रीतसर वाहून जा.

पहिलं म्हणजे, पाऊस आपल्याच महसूल मंडळात पाडून घ्या. एरवीच्या नियमाने २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला तरच ती अतिवृष्टी. चौसष्ट पडला तर तो नुसता पाऊस. ढग वरच्या तालुक्यात फुटला आणि नदी तुमच्या सोयाबीनमध्ये येऊन बसली, तर तलाठ्याच्या मागे नदी दाखवत फिरायची तयारी ठेवा.

विहीर गाळाने बुजली असेल, तर बुजण्यापूर्वी तिची सातबाऱ्यावर नोंद करून घ्या.

पंचनाम्याचा फोटो शेतात उभं राहून, लोकेशनसकट लागतो. शेत गळ्याएवढ्या पाण्यात असेल तर थांबा. पाणी ओसरल्यावर साहेब येतील आणि विचारतील, "पाणी कुठंय?"

विमा भरलाय? शाब्बास. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला विमा गेला आणि सोबत स्थानिक आपत्तीची भरपाईही गेली. त्या हंगामात भरपाई ठरली ती मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडलेल्या प्लॉटमध्ये किती पिकलं त्यावर. तुमच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले असतील आणि प्रयोगाचा प्लॉट माळावरच्या चांगल्या रानात निघाला, तर भरपाई विसरा आणि त्या रानाच्या मालकाला पेढे द्या.

आता मुख्य सूचना. अनुदान जमा झाल्याचा मेसेज आला की घरात कुणाला सांगू नका. मी सांगितलं. यादीत माझ्या नावापुढचा विशिष्ट क्रमांक शोधला, सेवा केंद्रावर रांग लावून केवायसी केली, पैसे खात्यात आले. शाखेत स्लिप भरून दिली तर कॅशियरने पासबुक तसंच परत सरकवलं. "होल्ड आहे." कुणी लावला? "वरून." वर म्हणजे कुठं? "सिस्टीममधून." पीककर्ज थकलंय म्हणे. अहो, थकणारच! ज्या पिकावर ते फिटणार होतं त्याचाच पंचनामा करून तुम्ही हे पैसे पाठवलेत ना? मदतीची रक्कम कर्जात वळती करू नका, असे आदेश दरवर्षी निघतात. मी त्याची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली होती. मॅनेजरसाहेबांनी ती चष्मा काढून वाचली, चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "हे आमच्याकडे अजून आलेलं नाही." ज्यांची कोट्यवधींची कर्जं निर्लेखित (राइट ऑफ) होतात त्यांच्या खात्याला कधी होल्ड लागल्याचं ऐकलंय? आणि अडवलेली रक्कम तरी केवढी! कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, म्हणजे एकरी साडेतीन हजारही नाहीत. त्यात बियाण्याची एक बॅग आणि डीएपीचं एक पोतं तरी येतं का, दुकानात विचारून बघा. रब्बीसाठी हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर झाले आहेत. तेही याच खात्यावर येऊन याच होल्डमध्ये बसणार.

लोकसंख्येची काळजी करू नका, ती आपोआप कमी होते. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्यावर जातात, शिकलेली पोरं चाकणला कंपनीत जातात. उरतात म्हातारी माणसं, त्यांच्याकडे ठेवलेली लेकरं आणि लग्न न जमलेले शेतकरी नवरदेव. माणसं मोजायची जनगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. तेव्हा बीड-धाराशिवकडची निम्मी गावं उसाच्या फडात कोपी, म्हणजे झोपडी, घालून राहिलेली असतील. मोजणारे येतील आणि कुलपं मोजून जातील. मग त्याच आकड्यांवर पुढच्या योजना.

नेते पाहणीला आले तर मागच्या रांगेत उभे राहा. मदतीच्या किटच्या पिशवीवरचा त्यांचा फोटो मात्र नीट दिसला पाहिजे.

आणि तो फोटो छापणाऱ्यांनो, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? नदीतली वाळू कुणाच्या हायवा डंपरांनी नेली, पात्रात प्लॉटिंग कुणी पाडलं, ओढ्यावर नळ्या टाकून कमरेएवढा पूल कुणी बांधला, पाझर तलावाच्या भेगा किती वर्षं कुणी बघितल्या नाहीत, हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. तुम्ही मात्र प्रत्येक वेळी निसर्गाचा कोप म्हणून मोकळे. माणसाचं रान खडकापर्यंत खरवडून गेलंय, दावणीची जनावरं दाव्यासकट गेलीत, आणि तुम्ही त्याला आधार आणि सातबारा यांच्यावरचं नाव जुळत नाही म्हणून तालुक्याला हेलपाटे घालायला लावता. पॅकेज केवढ्या कोटींचं ते आम्हाला सांगू नका. उद्या सकाळी त्या बँकेत फोन करा आणि होल्ड काढायला लावा. हरभऱ्याच्या पेरणीचा वापसा निघून चाललाय.