आजारी पडायचंय? आधी अर्ज टाका

गेल्या महिन्यात मला डेंग्यू झाला. चूक माझीच. सप्टेंबरअखेर, क्वार्टर क्लोजिंग तोंडावर, आणि मी १०३ ताप घेऊन झोपलो. तेव्हा जे शिकलो ते तुमच्या कामी यावं म्हणून लिहितोय.

आजारी पडायचं तर दोन दिवस आधी पोर्टलवर टाका, ते मागची तारीख घेत नाही. अवघड काहीच नाही. डास चावल्यापासून ताप यायला चार ते दहा दिवस लागतात, तेवढ्यात कामाचं हँडओव्हरसुद्धा होतं.

शुक्रवारी आणि सोमवारी आजारी पडू नका. सँडविच होतं, म्हणजे मधले शनिवार-रविवारही रजेत कापले जातात.

पोराला ताप आला तर स्वतःलाच आला म्हणून सांगा. पोरांचा ताप ड्रॉपडाउनमध्ये नाही.

फोन करताना आवाज बसलेला असू द्या. माझा नव्हता. "अरे, आवाज तर ठणठणीत वाटतोय!" असं मॅनेजर म्हणाले. मग सलाइन लावलेल्या हाताचा फोटो पाठवला.

आणि ताप उतरला की लगेच लॉगिन करा. माझा पाचव्या दिवशी उतरला. तासाभरात मेसेज आला, "ताप गेला ना? मग पडल्या पडल्या मीटिंग ऐक फक्त." डॉक्टर बजावून गेले होते की डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच सांभाळायचे असतात, खरा धोका तेव्हाच असतो. प्लेटलेट्स घसरून ४२,००० वर आल्या होत्या. तरी बसलो. "कॅमेरा ऑन कर रे." केला. एका स्लाइडचा निळा रंग गडद हवा की फिका, यावर बावीस मिनिटं चर्चा! पाणी प्यायला उठलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. बायकोने येऊन लॅपटॉप मिटला. कामावर परतायला एचआरला फिटनेस सर्टिफिकेट हवं, लेटरहेडवर, शिक्क्यासकट. डॉक्टर म्हणतात, "तुम्ही अजून फिट नाही, मी लिहू काय?" आणि त्याच आठवड्यात मेल आला, वेलनेस वीकच्या स्टेप्स चॅलेंजमध्ये तुमची टीम मागे पडतेय! माझ्यामुळे!! बेड ते संडास, दिवसाला साठ पावलं!

बास झालं. अहो, माणूस आजारी आहे म्हणाला की तो आजारी आहे असं धरून चालायला तुमचं काय जातं? एखादा खोटं बोलेलही. त्याच्यासाठी बाकीच्यांना चोर ठरवता? महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने-आस्थापना कायद्यात वर्षाला ८ पगारी नैमित्तिक रजा आहेत, आजारपणाची वेगळी नाहीच. त्या संपल्या म्हणून आमच्या मागचा पोरगा अंगात ताप घेऊन आला, एसीत खोकत बसला, आणि आठवड्यात अख्खी रांग आडवी झाली. हाउसकीपिंगच्या मावशींना ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा आहे, आजारपणात ७० टक्के पगार मिळतो. पण पहिले दोन दिवस कोरडे, आणि साधा ताप बऱ्याचदा दोन दिवसांतच उतरतो. म्हणून त्या तापातच फरशी पुसतात. पँट्रीत फुकट सफरचंदं ठेवून कुणाची तब्येत सुधारत नसते. त्या पैशात चार रजा वाढवा.

आणि मी मीटिंगला बसलो तो दिवस पोर्टलवर अजून 'अनऑथराइज्ड' दाखवतोय. तो आधी दुरुस्त करा.