फक्त बारीक करा हो, बाकी काही नको!

ज्याला रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं नसतं, तो माणूस केस बारीक ठेवतो. यात न कळण्यासारखं काय आहे? आंघोळ केली, पंचा फिरवला, कामाला लागलो. तेल नको, जेल नको, कंगवासुद्धा नको. पण ही एवढीशी मागणी घेऊन इंदुरातल्या कुठल्याही सलूनच्या खुर्चीत बसून बघा. लोकमान्यनगरातलं दोन खुर्च्यांचं दुकान असो की विजयनगरातलं थंडगार एसीवालं, उठताना डोक्यावर असं काहीतरी घेऊन उठाल, की ते रोज सांभाळत बसावं लागेल. आणि सांभाळायचं सामान तिथेच काउंटरवर विकायला मांडलेलं असेल!

मी काय सांगतो ते ऐका. "ऊपर कैंची से, एक इंच रखना. साइड और पीछे तीन नंबर. गर्दन पे लाइन मत मारना." यात कुठलं वाक्य अवघड आहे? कारागीर मान डोलावतो. "हाँ भिया, समझ गया." मग गळ्याभोवती कापड असं आवळतो की आवाजच बंद व्हावा, आणि कानावरून पहिलीच मशीन फिरवतो ती केसांचं माप राखणारा पुढचा कंगवा न लावताच. झिरो! एकदा तो पट्टा गेला की बोलणं संपलं. परत चिकटवणार आहे का कुणी? आता उरलेलं डोकं त्या पट्ट्याशी जुळवून घ्यायचं, म्हणजे सगळं आणखी वर, आणखी बारीक. मी आरशातून बघतोय हे त्यालाही दिसतं. तरी वर मखलाशी काय, तर "फेड दे दिया भिया, मस्त लग रिया है."

फेड म्हणजे कानाजवळ जवळजवळ साफ आणि वर जाताना हळूहळू दाट. मागितला कुणी होता?

मशीनच्या कंगव्यांवर नंबर असतात ते शोभेला नसतात. एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे १०, चार म्हणजे १३. जगभर साधारण हेच माप चालतं. विजेवर चालणाऱ्या या मशीनचं पेटंट लिओ वाल नावाच्या अमेरिकन माणसाला १९२१ साली मिळालं. शंभर वर्षं उलटून गेली, तरी आमच्याकडे "तीन नंबर" म्हटल्यावर कारागीर ड्रॉवर उपसतो, त्यात एक नंबरचा कंगवा सापडतो, दोनचा दात तुटलेला असतो, आणि तीनचा कधीचाच हरवलेला असतो. पण हरवलाय असं सांगणार नाही. अंदाजाने मारणार.

आता या फेडचं गणित मांडतो, कारण हीच सगळ्यात मोठी फसवणूक आहे. डोक्यावरचा केस महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे दिवसाला साधारण ०.३५ मिलिमीटर. कानाजवळ दीड मिलिमीटर ठेवलेला केस दहा दिवसांत पाच मिलिमीटर होतो, तिपटीहून जास्त. फेडची सगळी गंमत त्या खालून वर गडद होत जाणाऱ्या छटेत असते, आणि ती दहा दिवसांत बुजते. मग कानांच्या वर दोन्ही बाजूंना नुसती फुगवटी दिसते. तेच बाजूचे केस दहा मिलिमीटर ठेवले असते, तर दहा दिवसांनी साडेतेरा झाले असते. कुणाच्या बापाला कळलं नसतं. महिना-दीड महिना निवांत निघाला असता. ज्या कटिंगला दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा खुर्चीत येऊन बसावं लागतं, ती कटिंग "मेन्टेनन्स फ्री" म्हणून माझ्या गळ्यात मारायची? यात दुकानाचा फायदा आहे हे मलाही समजतं हो. पण मग तसं उघड सांगा ना.

आणि ती लाइन! वस्तऱ्याने मानेवर पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ, कपाळाच्या कोपऱ्यांवर काटकोन. दुकानातून निघताना माणूस पासपोर्टच्या फोटोसारखा दिसतो. तिसऱ्या दिवशी त्या रेघेखाली काळी खुंटं उगवतात आणि मान न धुतल्यासारखी दिसायला लागते. मानेवरचे केस मशीनने खाली खाली विरळ करत नेले तर वाढलेलं कळतच नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. तरी वस्तरा उचलल्याशिवाय त्यांना काम पूर्ण केल्यासारखं वाटत नाही. वर माझ्यासारख्याच्या मानेवर त्या वस्तऱ्यामुळे पुरळ उठतं ते वेगळंच. अर्धं ब्लेड नवं घातलं का हे विचारलं तर असं बघतात, जणू मी खानदान काढलं.

भोवऱ्याचं तर विचारूच नका. माझ्या डोक्यात मागे भोवरा आहे, अनेकांच्या असतो, काहींना दोन असतात. तिथला केस तिरका, गोल फिरत उगवतो. त्याला दोनच गोष्टी मानवतात: एकतर अगदी बारीक करा, नाहीतर स्वतःच्या वजनाने खाली पडेल इतका लांब ठेवा. मधलं माप ठेवलं की तो उभा राहणारच. पण हे महाशय आधी फसफस पाणी मारून केस ओले करतात, ओल्या केसांत भोवरा गायब, मग त्यावर थिनिंगची कैची चालवतात. लांब केसांच्या मुळाशी आखूड केसांचे खुंट तयार होतात, ते वरच्यांना टेकू देतात. घरी येऊन केस वाळले की मागे तुरा! आणि सलूनमध्ये परत जाऊन दाखवलं तर उत्तर ठरलेलं: "भिया, आपके बाल ही ऐसे हैं." अरे, माझेच केस कापायला आलो होतो ना मी?

त्या तुऱ्यावर उपाय म्हणून मग डबी पुढे येते. मॅट क्ले. चिकणमाती आणि मेण. बोटाच्या टोकाएवढं घ्यायचं, तळव्यांवर चोळून गरम करायचं, जवळजवळ वाळलेल्या केसांत मुळापासून लावायचं, मग बोटांनी "टेक्श्चर" काढायचं. हे सगळं कुणी करायचं? ज्याने कंगवा नको म्हणून केस कापले त्याने! मेण नुसत्या पाण्याने निघत नाही, त्याला शॅम्पू लागतो. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी भागवायचं बोरिंगवर, आणि त्या जड पाण्यात फेस धड होत नाही. एवढं करून मेहनतीने उभे केलेले केस घालायचे कुठे? हेल्मेटमध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये इथे हेल्मेटशिवाय पेट्रोल न देण्याचा आदेश निघाला होता. चांगलंच झालं, डोकं वाचलेलं बरं. पण पलासियाच्या सिग्नलपर्यंत त्या क्लेचं जे होतं ते डबी विकणाऱ्याने एकदा मे महिन्यात येऊन बघावं.

बरं, कटिंग बिघडली तर पंधरा दिवसांत पुन्हा जाऊन नीट करून घ्यावी, तर तेही सोपं नाही. आईच्या हिशेबात मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी केस कापायचे नाहीत. एकादशी, अमावास्या नाही. जन्मवारीही नाही. बाकीचे वार कामाचे. उरला रविवार, आणि रविवारी अख्खं शहर तिथे रांगेत. त्यात श्रावणाचा घोळ फक्त आम्हा इंदुरातल्या मराठी लोकांनाच कळेल. हिंदी शेजाऱ्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, आमचा श्रावण दिव्यांच्या अवसेनंतर. पहिले पंधरा दिवस मला मोकळे, तर कारागीरच भुवया उंचावतो: "सावन में भिया?" राखीला त्यांचा सावन संपतो, दुकान तुडुंब भरतं, आणि माझ्या घरी अजून पंधरा दिवस, पिठोरी अमावास्येपर्यंत बंदी. मग मधे गणपतीचे दिवस, की लागलाच पितृपक्ष. रागाच्या भरात एकदा "सगळंच दोन नंबरने उडवा" म्हणालो, तर जिन्यात शेजारच्या काकूंनी आवाज खाली आणून विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना रे?"

एवढ्यावर थांबतात का? डोकं हातात सापडलंय म्हटल्यावर तिथेच विक्री सुरू. "बाल पतले हो रिये हैं भिया." "डैंड्रफ है, स्पा करवा लो." "चेहरे पे टैन आ गया है." मी केस कापायला आलोय, माझी तपासणी करायला नाही! मधेच कुणी न विचारता मान धरून कटकन फिरवतो. अशा झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, हे त्याच्या गावीही नाही. एसीवाल्या दुकानांचा तोरा आणखी निराळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मी जातो तिथलं बिल मात्र होतं तिथेच आहे, कारण मूळ दरच गुपचूप वर सरकला. आणि २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या आपल्या या शहरात, मान पुसायला जो टॉवेल पुढे येतो त्याचा मूळ रंग कुठला होता हे सांगून दाखवा, बक्षीस देतो.

फोटो दाखवा म्हणणारे शहाणेही भेटतात. दाखवला. फोटोतल्या पोराचे केस दाट आणि सरळ, कपाळ दोन बोटांचं, वर स्टुडिओचे दिवे. कारागिराने फोटो मोठा करून करून बघितला, "बिल्कुल यही बनेगा" म्हणाला आणि नेहमीचाच फेड मारला. त्याच्या हाताला एकच कटिंग बसलीय. खुर्चीत अठरा वर्षांचा पोरगा बसो की पेन्शनर आजोबा, उठताना दोघांच्या कानांवर तोच पांढरा पट्टा. एका रविवारी रांगेत माझ्यापुढचे चारही जण सारखेच होऊन बाहेर पडले, आणि त्यातले एक गृहस्थ बिचारे बँकेत मोठ्या हुद्द्यावर असावेत असे दिसत होते.

"मग घरीच मशीन घे ना," असंही सांगून झालंय. घेतली. तीन नंबरच्या कंगव्यासकट, दातसुद्धा सगळे शाबूत. पण स्वतःच्या डोक्यामागचं कापायचं कसं? दोन आरसे धरले तर मशीन धरायला हात उरत नाही. म्हणून सोळा वर्षांच्या भाच्याला बोलावलं, कंगवा लावून मशीन त्याच्या हातात दिली, स्टुलावर बसलो, म्हटलं फक्त मागून सरळ फिरव, बाकी काही करू नकोस. त्याने मशीन चालू केली आणि सगळ्यात आधी तो कंगवाच काढून ठेवला.

"मामा, बाजूने जरा फेड देऊ का?"