‘सेन्सर उडालाय’ म्हणायच्या आधी फिल्टर बॉक्स तरी उघडा!

चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनर लावला, पी०१०१ हा बिघाडाचा कोड दिसला आणि दोन मिनिटांत निकाल: ‘साहेब, एअरफ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) उडालाय, बदलावा लागेल.’ बोनेट उघडलेलं नाही, पाइप हलवून बघितलेला नाही, आणि हजारो रुपयांचं बिल तयार! याला निदान म्हणायचं? मशीनवर आलेला नंबर मोठ्याने वाचून दाखवायचे पैसे कशाला द्यायचे?

पी०१०१ चा अर्थ ‘सेन्सर मेला’ असा नाहीच. त्याचा अर्थ एवढाच की सेन्सर सांगतोय ती हवा आणि कॉम्प्युटरला अपेक्षित असलेली हवा यांचा मेळ बसत नाही. चूक सेन्सरची असेल, नाहीतर हवेच्या वाटेत कुठेतरी असेल. पी०१०२ आला, म्हणजे सिग्नलच कमी येतोय, तर आधी कनेक्टर आणि वायर बघायची. पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली येऊन वायरी कुरतडतात हे प्रत्येक फिटरला माहीत असतं, तरी पार्टची ऑर्डर आधी जाते.

शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतोच. त्या मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला, दाब मोजून हवेचा हिशेब करतात. तिथेही एअरफ्लोचं नाव घेणारे भेटतात, तेव्हा तर डोकंच फिरतं.

सेन्सरचं काम काय, तर एअर फिल्टरनंतरच्या पाइपात एक बारीक तार किंवा फिल्म तापवून ठेवलेली असते. येणारी हवा तिला थंड करते, आणि तापमान टिकवायला किती करंट लागला त्यावरून हवेचं वजन कळतं. त्या तारेवर धुळीचा आणि तेलाचा थर बसला की हवा तिची उष्णता नीट ओढून घेऊ शकत नाही. करंट कमी लागतो, कॉम्प्युटरला वाटतं हवाच कमी आलीय, आणि तो इंधन तोडतो. गाडी पिकअप घेत नाही, झटके देते. बिचारा सेन्सर धड असतो, फक्त मळलेला!

तपासणी अवघड नाही हो. इंजिन गरम, एसी बंद, आयडलिंगला १.५ लिटर पेट्रोल इंजिन स्कॅनरवर साधारण २ ते ३ ग्रॅम हवा प्रति सेकंद दाखवतं. पण खरी परीक्षा लोडवर, म्हणजे इंजिन जोर लावत असताना. १०० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण ताकदीवर सेकंदाला ८० ग्रॅमच्या आसपास हवा ओढतं. तिथे ५० वर अडकलं तर तार मळलीय किंवा फिल्टर चोंदलाय. जागेवर उभी गाडी नुसती रेस करून हे कळत नाही. रस्त्यावर घ्या, शेजारी बसलेल्याने आकडे वाचावेत.

पेट्रोलमध्ये स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्या इंधनात किती टक्के वाढ-घट करतोय ते. आयडलला अधिक २० टक्के आणि २५०० आरपीएमला ५ वर उतरत असेल तर थ्रॉटलच्या (हवेची झडप) पुढे, इंजिनच्या बाजूला कुठेतरी चोरून हवा शिरतेय. उलट लोड वाढेल तसा ट्रिमही वाढत गेला तर सेन्सरवर संशय घ्या, पण फ्युएल प्रेशर तपासून. टर्बो डिझेल काळा धूर सोडत असेल तर पहिला हात इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) होजवर. मोजलेली हवा फाटलेल्या होजमधून बाहेर जाते, इंधन मात्र पूर्ण हवेचं पडतं. एका सैल क्लॅम्पपायी लोकांनी नवे सेन्सर विकत घेतलेत!

आता साफसफाई, कारण इथेच सर्वांत जास्त सेन्सर मारले जातात. कार्ब्युरेटर क्लीनर नाही. पेट्रोल नाही. ब्रेक क्लीनर नाही. इअरबड, ब्रश, कपडा तर अजिबात नाही! कॉम्प्रेसरची हवाही नाही. ती तार केसासारखी असते, एका धक्क्यात तुटते. एअरफ्लो सेन्सरचाच स्प्रे मिळतो, काही शे रुपयांत. तोच घ्या.

इग्निशन बंद करा, इंजिन गार होऊ द्या, बॅटरीचं निगेटिव्ह काढा. कनेक्टरचं लॉक दाबून प्लग ओढा, वायर धरून नव्हे. बहुतेक सेन्सर दोन स्क्रूंवर असतात, कुठे फिलिप्स (चौफुलीच्या खाचेचे), कुठे टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचे). चुकीचा पाना लावून डोकी गोल करू नका. सेन्सर सरळ बाहेर काढा, १० सेंटिमीटरवरून तारेवर आणि बाजूच्या तापमानाच्या मण्यावर १० ते १५ फवारे मारा. मग हात न लावता किमान अर्धा तास वाळू द्या. ओला सेन्सर बसवून चावी फिरवली की तारेला करंट मिळतो आणि केलेली मेहनत गेली. ओ-रिंग, म्हणजे सेन्सरभोवतीची रबरी कडी, फाटली नाही ना बघा, हवेच्या दिशेचा बाण इंजिनकडे ठेवा, प्लास्टिकमधले स्क्रू हलकेच कसा. कोड पुसा आणि २०-३० किलोमीटर चालवून आकडे पुन्हा वाचा.

आणि मळला कशामुळे, ते कोण विचारणार? नवा फिल्टर बसवताना बॉक्सची एक क्लिप उघडी राहते, रबर कडेला दुमडतं, आणि रस्त्याची सगळी धूळ थेट तारेवर. तेल लावायचे कापडी फिल्टर असतील तर जास्तीचं तेल तिथेच जाऊन बसतं. हे न बघता नवा सेन्सर लावला तर तोही तसाच मळणार.

साफ करून, गळती बंद करून, १२ व्होल्ट सप्लाय आणि अर्थ तपासूनही लोडवर आकडा खालीच राहिला, तर मग बदला. जुन्यावरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून घ्या. दिसायला सारखा असला तरी कॅलिब्रेशन वेगळं असलं की तोच दिवा पुन्हा लागतो.