‘प्रेमाच्या गाडीत कोणीही तिसरा येतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या आठवड्यात मी २०१९ च्या फॉर्म्युला थ्री मोसमावर (फॉर्म्युला वनच्या दोन पायऱ्या खालची मोटारशर्यतींची स्पर्धा) लिहिलं होतं. मुंबईच्या जेहान दारूवालाने त्या वर्षी तिसरा क्रमांक मिळवला आणि आपल्याकडे त्याची धड दखलही घेतली गेली नाही, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ती खाली तशीच ठेवली आहे, एक अक्षर काढलेलं नाही. ज्यांना खाली जायचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी सार सांगतो : लेखात चूक आहे, ‘आपला मुलगा’ म्हणून मी गहिवरलो आहे, हा श्रीमंतांच्या लेकरांचा पोरखेळ आहे, जूननंतर जेहान एकही शर्यत जिंकला नाही, विजेत्याच्या तो ५५ गुण मागे होता. आणि मुख्य वाक्य असं (कार्लिन आणि प्रेमा ही शर्यतीच्या संघांची नावं) : ‘२०१८ मध्ये कार्लिनच्या गाडीत दहावा, २०१९ मध्ये प्रेमाच्या गाडीत तिसरा. प्रेमाच्या गाडीत बसलं की प्रेमच प्रेम, कोणीही तिसरा येतो. सोफ्यावर बसून लेख लिहिणाऱ्यांना हे कळणार नाही.’

उत्तर द्यायला चार दिवस घेतले. पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर ते छापण्यासारखं झालं नसतं.

आधी चूक मान्य करतो. मोसमात १७ शर्यती होत्या असं मी लिहिलं होतं. त्या १६ होत्या : आठ ठिकाणी प्रत्येकी दोन. बार्सिलोना, ल कास्तेले, स्पिलबर्ग, सिल्व्हरस्टोन, हंगेरोरिंग, स्पा, मोन्झा, सोची. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, आणि हे आभार मनापासून आहेत. पण साहेब, एक आकडा चुकला म्हणून लिहिणाऱ्याला सोफ्यावर बसवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

सोफ्याचं आधी सांगतो, कारण ते मला लागलं आहे. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलो. वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. दहावीच्या सुट्टीत इतर पोरं रंकाळ्यावर असायची तेव्हा माझ्या हातात माप घ्यायचा व्हर्निअर असायचा. नव्वदच्या दशकात दोन मोसम मी श्रीपेरुम्बुदूरच्या ट्रॅकवर फॉर्म्युला मारुतीच्या एका संघात मेकॅनिक म्हणून काम केलं. संघाचं नाव घेत नाही. दुसऱ्या मोसमाचा अर्धा पगार त्यांनी शेवटपर्यंत दिला नाही आणि तो विषय मी केव्हाच सोडून दिला आहे. चेन्नईच्या उन्हात डांबरावर गुडघे टेकून गाडीचा कॅम्बर (चाकांचा कल) लावणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. तेव्हा सोफा नका काढू.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो. माझा सगळा लेख खोडायला तुम्हाला हे एक वाक्य पुरलं आहे. बघू किती पुरतं ते.

कार्लिनमध्ये दहावा आणि प्रेमात तिसरा, म्हणजे फरक गाडीचा, असं तुम्ही म्हणता. पण या दोन वेगळ्या स्पर्धा आहेत. २०१८ ची होती ती युरोपियन फॉर्म्युला थ्री. ती आणि जीपी थ्री ही त्याच पायरीवरची दुसरी स्पर्धा एकत्र करून २०१९ साली नवी स्पर्धा उभी राहिली, आणि जेहान तिसरा आला तो तिचा पहिला मोसम. गाडी नवी, इंजिन युरोपियन स्पर्धेपेक्षा वेगळं. दहा संघ, प्रत्येकाच्या तीन गाड्या, एकूण तीस. सगळ्यांकडे तीच दालाराची गाडी, तेच मेकाक्रोमचं ३.४ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, तेच पिरेलीचे टायर. प्रेमाच्या गॅरेजमध्ये कुठली जादूची गाडी आली नव्हती. त्यांचे इंजिनिअर चांगले, त्यांची शिस्त चांगली, हे मी लेखातही लिहिलं आहे. तो परिच्छेद तुम्ही वाचलेला दिसत नाही.

आणि २०१८ च्या आधीचं वर्ष तुम्ही का सोडलं? २०१७ मध्ये याच कार्लिनच्या गाडीत, याच युरोपियन स्पर्धेत, पहिल्याच वर्षी जेहान सहावा होता आणि नोरिसरिंगला एक शर्यत जिंकला होता. दहावा क्रमांक सोयीचा होता म्हणून तो घेतला आणि सहावा गैरसोयीचा होता म्हणून टाकला, याला आकडे बघणं म्हणत नाहीत.

‘कोणीही’ हा शब्द तर मला फारच खटकला. २०१८ मध्ये प्रेमाच्या पाच गाड्या होत्या. एकीत मिक शूमाकर होता, तो विजेता झाला. दुसरीत चीनचा जोउ ग्वान्यू होता. तो पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचला, म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. त्याचा त्या वर्षी क्रमांक कितवा? आठवा. तोच संघ, तीच गाडी, त्याच शर्यती. म्हणजे प्रेमाच्या गाडीत बसलेला माणूस आठवाही येतो.

शर्यतीच्या जगात एक साधा नियम आहे, तो कुठल्याही मेकॅनिकला विचारा : ड्रायव्हरला मोजायचं तर त्याच्या शेजारच्या गाडीतल्या माणसाशी मोजा. बाकी सगळ्या तुलनेत गाडी, संघ, पैसा मिसळलेला असतो. माझ्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये एकाच लेथवर दोन पाळ्यांत दोन टर्नर काम करायचे. मशीन तेच, टूल तेच, मालही तोच. एकाचा जॉब गेजमध्ये अलगद बसायचा आणि दुसऱ्याच्या जॉबला वडील परत हात लावायचे. तिथे लेथला दोष देऊन भागत नसे.

श्रीपेरुम्बुदूरचा प्रसंग तर मी अजून विसरलेलो नाही. आमच्या संघात दोन गाड्या होत्या, दोन्हींत मारुती ८०० चं इंजिन. दोघांपैकी एक जण रोज मागे पडायचा आणि रोज सांगायचा की माझी गाडी मार खाते. आम्ही रात्र रात्र जागून ती उघडली, जोडली, परत उघडली. काही सापडेना. शेवटी एका सरावाला दोघांच्या गाड्या बदलल्या. मागे पडणारा दुसऱ्या गाडीतही जवळपास तेवढाच मागे राहिला, आणि पुढचा होता तो ‘मार खाणारी’ गाडी घेऊन पुढे निघून गेला. त्या दिवसापासून ‘गाडीमुळे’ हा शब्द कोणी सहज वापरला की मी आधी विचारतो, शेजारच्या गाडीत कोण होतं?

तर २०१९ मध्ये जेहानच्या शेजारी कोण होते? रॉबर्ट श्वार्ट्झमन आणि मार्कस आर्मस्ट्राँग. दोघंही फेरारीच्या, तरुण ड्रायव्हर घडवणाऱ्या अकादमीतले. दोघंही २०१८ मध्ये याच प्रेमा संघात होते, एक तिसरा आणि एक पाचवा आलेला. इंजिनिअरांना त्यांची सवय होती, त्यांना इंजिनिअरांची. जेहान त्या गॅरेजमध्ये नवा होता. आणि फॉर्म्युला थ्रीच्या शर्यतींच्या आठवड्याअखेरीस शिकायला वेळ नसतो. ४५ मिनिटांचा एकच सराव, त्यानंतर अर्ध्या तासाची पात्रता फेरी आणि थेट शर्यती. ब्रेक कुठे दाबायचा, टायर किती फेऱ्यांत तापतात, समोरच्या गाडीच्या मागच्या हवेत आपली गाडी कशी वागते, हे सगळं तेवढ्यात जमवायचं, तेही ट्रॅकवर तीस गाड्या असताना.

मोसम संपला तेव्हाचे गुण असे : श्वार्ट्झमन २१२, आर्मस्ट्राँग १५८, जेहान १५७. एक गुण. फेरारीच्या अकादमीतला, संघात आधीच रुळलेला मुलगा आणि आपला हा, यांच्यात १६ शर्यतींनंतर एका गुणाचं अंतर. या स्पर्धेत पात्रता फेरीत पहिला आल्याचे चार गुण मिळत आणि शर्यतीत सर्वांत वेगवान फेरीचे दोन. म्हणजे एका वेगवान फेरीत हा दुसरा क्रमांक फिरला असता. दुसऱ्या क्रमांकाला सुपर लायसन्सचे (फॉर्म्युला वन चालवायच्या परवान्याचे) २५ गुण होते, तिसऱ्याला २०. फॉर्म्युला वनचं दार उघडायला तीन वर्षांत ४० लागतात. हा सगळा हिशोब मी मूळ लेखात मांडला होता. त्यातलं तुम्ही काय घेतलं? ‘प्रेमच प्रेम.’ संघाच्या नावावरची ही कोटी २०१९ पासून मी इतक्यांदा ऐकली आहे की आता त्यावर हसूही येत नाही, आणि खरं सांगायचं तर ज्यांना वाद घालायचा नसतो तेच ती करतात.

५५ गुणांचं म्हणाल तर आर्मस्ट्राँगही ५४ नी मागे होता. मग तोही ‘कोणीही’ का? पुढे तो अमेरिकेतल्या इंडीकार स्पर्धेत गेला. आणि श्वार्ट्झमनने २०२५ मध्ये पहिल्याच प्रयत्नात तिथल्या इंडियानापोलिस ५०० या शर्यतीची पोल पोझिशन (सर्वांत पुढची सुरुवातीची जागा) घेतली, तीही प्रेमाच्याच गाडीत. या दोघांच्या बरोबरीने जो वर्षभर पळाला त्याला तुम्ही दोन ओळींत निकालात काढता.

आणखी एक. प्रेमाची गाडी इतकी अजिंक्य असती तर चौथा आलेला युरी विप्स जेहानच्या १६ गुणच मागे कसा राहिला असता? तो हायटेकच्या गाडीत होता. तुमच्या लाडक्या कार्लिनमध्ये त्या वर्षी फेलिपे द्रुगोविच आठ गुणांवर अडकून सोळावा आला आणि लोगन सार्जंट एकोणिसावा. द्रुगोविच २०२२ मध्ये फॉर्म्युला टूचा, म्हणजे वरच्या पायरीचा, विजेता झाला, सार्जंट २०२३ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला. नुसत्या क्रमांकावरून माणूस कळतो असं तुम्हाला वाटत असेल तर या दोघांचं काय करायचं ते सांगा. तुम्ही म्हणाल, यात तर गाडीचं महत्त्वच सिद्ध होतं. गाडीला महत्त्व नाही असं मी म्हटलंय कुठे? शेजारच्या गाडीकडे बघा, असं म्हणतोय.

पैशांबद्दल फार लिहीत नाही. या स्पर्धेत पैसा लागतो, तीसही जणांना लागतो. २०१९ मध्ये जेहानच्या मागे फॉर्म्युला वनच्या संघाची अकादमी नव्हती. रेड बुलने त्याला घेतलं ते २०२० मध्ये, हाच मोसम बघून. जूनमधल्या ल कास्तेलेनंतर तो जिंकला नाही हे खरं आहे. त्याची कारणं हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मी कधीतरी सवडीने लिहीन.

पण ‘पोरखेळ’ हा शब्द मी असाच सोडणार नाही. त्या वर्षी ३१ ऑगस्टला स्पाला फॉर्म्युला टूच्या शर्यतीत आंत्वान युबेर गेला. बावीस वर्षांचा होता. आदल्याच वर्षी तो जीपी थ्रीचा विजेता झाला होता, म्हणजे हीच पायरी चढून वर गेलेला मुलगा. त्याच आठवड्याअखेरीस त्याच ट्रॅकवर फॉर्म्युला थ्रीची ही मुलं दुसऱ्या दिवशी हेल्मेट घालून परत गाडीत बसली. पुढच्याच आठवड्यात मोन्झाला पॅराबोलिकाच्या वळणावर ॲलेक्स पेरोनीची गाडी कडेच्या उंचवट्यावरून उडाली, हवेत कोलांट्या घेत तारेच्या कुंपणावर जाऊन पडली. त्याचा मणका मोडला. तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला हे मी स्क्रीनसमोर उभं राहून पाहिलं, आणि तो चालत येईपर्यंत मला खाली बसवलं नाही. हा पोरखेळ म्हणायचा असेल तर तुमच्या घरात म्हणा. माझ्या पानावर नको.

गहिवराचं उत्तर द्यायची गरज वाटत नाही. मुंबईतला एक मुलगा २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या निवड चाचणीतल्या तिघा विजेत्यांत येतो, तेरा-चौदाव्या वर्षी घर सोडून परदेशी ट्रॅकवर जातो, आणि आठ वर्षांनी बार्सिलोनात व्यासपीठावर सर्वांत वरच्या पायरीवर उभा राहतो, आपलं राष्ट्रगीत वाजतं. मला गहिवरून आलं. आजही येतं.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही. उत्तर देणार असाल तर एवढंच सांगा : २०१९ मध्ये प्रेमाच्या तिन्ही गाड्यांत एकच इंजिन, एकच टायर आणि तोच संघ असताना १५८ आणि १५७ मधला एक गुण कुठल्या गाडीने मिळवून दिला?