साबुदाणा कारखान्याचा कचरा, नागपूरचं ऊन आणि ‘ग्लूटेन-फ्री’ पीठ

सध्या नागपुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: तमिळनाडूतल्या सेलमच्या साबुदाणा कारखान्यांत कसाव्याची (ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याची) साल आणि चोथा वाया जातो, तो स्वस्तात मागवा. नागपूरच्या उन्हात दोन दिवस वाळवा, चक्कीवर दळा, मैद्याऐवजी तेवढाच वापरा. ग्लूटेन नाही, विष उरलंच तर ओव्हनमध्ये मरतं, शुगरवाल्यांनाही चालतं. हा मेसेज सिलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन अजिबात न चालण्याचा आजार) असलेल्या भाचीच्या घरी पोचला आणि तिथे गोणीच्या भावाची चौकशीही सुरू झाली. म्हणून हे उत्तर.

आधी उन्हाचं, कारण सगळ्यात घातक तेच आहे. कसाव्यातलं सायनाइड मोकळं नसतं, ते लिनामारिन नावाच्या संयुगात अडकलेलं असतं. कंद किसला की त्याच कंदातलं लिनामारेज हे विकर (एन्झाइम) त्याला फोडतं आणि शेवटी हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. मेसेजवाल्याने कुठंतरी वाचलंय की हा वायू 26 अंशांच्या आसपास उकळतो. तेवढं खरं आहे. पण उडून जातो तो सुटलेला वायू. तो सुटण्यासाठी विकराला ओल हवी आणि वेळ हवा. मे महिन्यात आपल्या गच्चीवर टाकलेली साल संध्याकाळपर्यंत पापडासारखी कडक होते. ओल गेली की विकर थांबतं आणि न फुटलेलं लिनामारिन सालीत तसंच राहतं. ज्या उन्हाची एवढी बढाई, तेच इथे काम बिघडवतं. त्यात ही साल! गोड जातींतसुद्धा गरापेक्षा सालीत हे संयुग कितीतरी पट जास्त असतं. साल घरच्या स्वयंपाकघरात येताच कामा नये. यावर वाद नाही.

“ओव्हनमध्ये मरतं” म्हणे. विष म्हणजे काय जंतू आहे मरायला? भाजताना तापमान 70-75 अंशांच्या वर गेलं की विकर निकामी होतं, लिनामारिन मात्र टिकतं. पोटात गेल्यावर आतड्यातले जिवाणू ते फोडतात. युगांडातल्या कासेसे जिल्ह्यात सप्टेंबर 2017 मध्ये कसाव्याच्या पिठामुळे 98 जणांना विषबाधा झाली, दोघे दगावले. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 2019 मध्ये छापलेल्या अहवालात त्या पिठातलं सायनाइडचं सरासरी प्रमाण दहा लाखात 88 भाग, म्हणजे किलोमागे 88 मिलिग्रॅम आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकात खाण्याच्या कसावा पिठाला किलोमागे 10 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आणि तिथल्या लोकांनी ते पीठ कच्चं फाकलं नव्हतं, शिजवूनच खाल्लं होतं.

“उपासाला साबुदाणा खाताच ना?” खातो. त्यासाठी कंद सोलतात, किसतात, भरपूर पाण्यात स्टार्च धुऊन काढतात. लिनामारिन पाण्यात विरघळतं, ते त्या पाण्याबरोबर जातं. सालीला यातलं काहीच लागू नाही.

आता नाइलाजाने कबूल करायचं ते चोथ्याचं. चोथा, म्हणजे सेलमकडची थिप्पी, किसून धुतलेला असतो, त्यामुळे त्यात सायनाइड बरंच कमी उरतं आणि त्यापासून खाण्याजोगी पूड करता येते. पण ती कारखान्याच्या दारातच करावी लागते. ताज्या चोथ्यात 80 टक्क्यांहून जास्त पाणी असतं, एका दिवसात तो आंबतो. त्याच दिवशी दाबून पाणी काढायचं, एक सेंटिमीटरपेक्षा पातळ थर पसरायचा आणि मोकळ्या हवेत पाच तास सावलीत ओलसर ठेवायचा, म्हणजे उरलेलं लिनामारिन फुटून वायू उडून जातो. मग ड्रायरमध्ये 50-55 अंशांवर 10-12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवायचा, दळायचा, चाळायचा. गोणीतून येतो तो बहुतेक उघड्या अंगणात वाळवलेला, जनावरांच्या खाद्यासाठीचा माल. त्यात वाळू असते, बुरशी असते. चमचाभर पूड ग्लासभर पाण्यात ढवळून बघा, वाळू तळाशी दिसेल. बुरशीचं विष मात्र असं दिसत नाही, आणि बेकिंगने जातही नाही.

चक्कीचा मुद्दा मेसेजमध्ये एका शब्दात उरकलाय. सिलिअ‍ॅकच्या घरात तोच सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायला किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लूटेनची मर्यादा आहे. कणकेत साधारण 8 टक्के ग्लूटेन धरलं, तर पाव ग्रॅम कणीक एक किलो पिठात पडली की ती मर्यादा गाठली. गल्लीतल्या गिरणीच्या पाळ्यांत आणि पिशवीत आधीच्या गिऱ्हाइकाची कणीक याहून जास्त चिकटलेली असते. दळायचं तर गव्हाचा दाणा कधी न गेलेल्या घरघंटीतच.

शुगरचं म्हणाल तर सुक्या चोथ्यात तंतू आहेत हे खरं, पण निम्म्याच्या आसपास स्टार्चच असतो, आणि साखर वाढवतो तो स्टार्चच. पुढे बोलायला काही नाही.

मैद्याऐवजी तेवढाच घातला तर पाव होत नाही, ओली वीट होते. चोथा पाणी शोषतो आणि धरून ठेवतो, मधला भाग गिचका राहतो. एकूण पिठाच्या 10 टक्क्यांवर जाऊ नये. उदाहरणार्थ तांदळाचं पीठ 150 ग्रॅम, ज्वारीचं 70, टॅपिओका (कसाव्याचा) स्टार्च 50, तपासलेली चोथ्याची पूड 30. इसबगोल 15 ग्रॅम 320 मिली पाण्यात दहा मिनिटं आधी भिजवून त्याचा चिकट गोळा होऊ द्यावा, कारण ग्लूटेनचं काम तोच करतो. यीस्ट 5 ग्रॅम, मीठ 5. 200 अंशांवर 45-50 मिनिटं, आतलं तापमान 96 च्या पुढे जाईपर्यंत. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नये, सुरीला चिकटतो.

आणि कुणी इतवारीत किंवा ऑनलाइन ही पूड विकायला बसलाच, तर त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. त्यात तीन आकडे हवेत: एकूण सायनाइड (फक्त मोकळं नव्हे), ग्लूटेन आणि अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष). आकडे नसतील तर पैसे देऊ नका.