वीस वर्षांची मुदत आणि शनिवारची उचल

गेले काही महिने सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला एकटीलाच तो सात जणांनी पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पंधरा-वीस वर्षं थांबायची तयारी असेल तर बाँड (सरकारला किंवा कंपनीला ठरल्या मुदतीसाठी व्याजाने दिलेलं कर्ज, म्हणजेच रोखे) म्हणजे पैसा कुजवणं. शेअर शेवटी वर जातातच, बाँड परतावा खातात, महागाईलाही पुरत नाहीत, २०२२ मध्ये तर अमेरिकेत बाँडही पडले, आणि सुरक्षितच हवं तर एफडी काय वाईट? अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांचे हिशेब मी लिहिते. मेसेज वाचून काहीजण एफडी मोडून सगळं इक्विटी फंडात, म्हणजे शेअरमध्ये पैसे घालणाऱ्या म्युच्युअल फंडात, टाकायला निघालेत, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा, ‘शेअर वर जातातच, फक्त धीर धरा’. भारतात आजवर तसं झालंय, मान्य. जपानच्या निक्केई या शेअर निर्देशांकाला मात्र डिसेंबर १९८९ चा उच्चांक ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. पण माझा खरा आक्षेप ‘धीर धरा’ला आहे. पूर्व भागातल्या एका अण्णांचा छोटा जेकॉर्ड कारखाना आहे. २००८ ची पडझड त्यांनी इक्विटी फंडाचं एकही युनिट न विकता काढली होती, त्यांना धीर शिकवायची गरज नव्हती. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडला. जानेवारीत ४२ हजारांवर असलेला आकडा २६ हजारांखाली आला. त्याच आठवड्यात लॉकडाऊन लागला, माग थांबले, तयार माल गोदामात अडकला. शनिवार मात्र थांबला नाही. कामगारांना उचल द्यायचीच होती, सुताच्या व्यापाऱ्याची उधारी होती. एप्रिलमध्ये अण्णांनी मुलीच्या शिक्षणासाठी जमवलेले युनिट विकले. त्यांनी फोनवर सांगितलेली रक्कम मी दोनदा विचारून घेतली, कारण पहिल्यांदा ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. डिसेंबरअखेर सेन्सेक्स ४७ हजारांवर होता. अण्णांचे युनिट तोवर दुसऱ्या कुणाचे झाले होते.

मंदीत धंदा आणि शेअर एकदमच बसतात. त्या वेळी विकायला शेअरशिवाय काहीतरी असावं, यासाठी बाँड. सोलापूरकराला हे उजनीवरून कळायला हवं. धरण मायनसमध्ये गेलं की शेतीचं आवर्तन थांबतं, पण शहराचं पिण्याचं पाणी त्या मृतसाठ्यातूनच येतं. त्या पाण्यावर ऊस होत नाही म्हणून ते फुकट गेलं, असं इथं कोणी म्हणत नाही.

‘बाँड परतावा खातात’ हे सरळ चढत्या बाजारात खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण जरा गणित करून बघा. जानेवारी २००८ ते मार्च २००९ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या आसपासून ८ हजारांच्या घरात आला, म्हणजे साठ टक्के गेले. दहा लाख सगळे शेअरमध्ये असते तर चार उरले असते. सात लाख शेअर आणि तीन लाख बाँड असते तर २.८ अधिक ३, म्हणजे ५.८ लाख. आता पुन्हा ७०:३० करायचं तर बाँडमधले सव्वा लाख स्वस्त झालेल्या शेअरमध्ये जातात आणि शेअर ४.०६ लाखांचे होतात. बाजार जुन्या पातळीला आला, म्हणजे तळापासून अडीचपट झाला, की तेच १०.१५ लाख. बाँडचे १.७४ मिळवले तर ११.८९. सगळं शेअरमध्ये ठेवणारा नुसता दहावर परततो. यात बाँडचं व्याज धरलेलंच नाही. नेमका तळ कुणाला सापडत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात फरक कमी पडेल. पण पडलेल्या बाजारात खरेदीला पैसा कुठून येतो, ते या आकड्यांत दिसतं.

महागाईचा मुद्दा बरोबर आहे. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाच्या (बाँडमध्ये पैसे घालणाऱ्या फंडाच्या) नफ्यावर आपल्या इन्कमटॅक्सच्या स्लॅबनेच कर लागतो, तीस टक्केवाल्याच्या हाती फारसं उरत नाही. म्हणून तर सगळे पैसे बाँडमध्ये घाला असं मी म्हणत नाही.

२०२२ चं म्हणाल तर अमेरिकेत व्याजदर झपाट्याने वाढले. सहा टक्क्यांचा हजाराचा जुना बाँड वर्षाला साठ रुपये देतो. बाजारात सत्तर देणारा नवा आला की जुन्याला हजार कोण देईल? मुदत जितकी लांब, तितकी घसरण मोठी. मुदतीपर्यंत थांबलात तर सरकारी रोख्याचं मुद्दल पूर्ण मिळतं. २००८ च्या शेवटी आपल्याकडे उलट झालं होतं. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड (त्या दिवशीच्या भावाने घेतला तर वर्षाला पडणारा परतावा; भाव चढला की ते उतरतं) जुलैत नऊच्या वर होतं, ते डिसेंबरअखेर साडेपाचच्या आत आलं, आणि शेअर पडत असताना रोख्यांचे भाव चढले.

एफडी वाईट नाहीच, ती बाँडची सख्खी बहीण आहे. पाच लाखांपर्यंत विमाही आहे. पीएफ-पीपीएफ असणाऱ्यांकडे हा हिस्सा आधीच आहे, फक्त तो मोजून बघा. मात्र गरजेच्या दिवशी पीपीएफ हाताशी नसतो. आणि बारा टक्के व्याजाचे कंपनी बाँड या कामाचे नाहीत. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस कंपनीचं रेटिंग २०१८ मध्ये ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यांत वरचं, होतं, तरी त्याच वर्षी तिने पैसे थकवले. सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या पोर्टलवर दहा हजारांपासून घेता येतात.

अण्णांनी आता सहा महिन्यांच्या शनिवारांएवढी रक्कम ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांत (सरकारच्या कमी मुदतीच्या रोख्यांत) आणि एफडीत ठेवली आहे. धाकट्याच्या फीचे पैसे २०२८ ला मुदत संपणाऱ्या सरकारी रोख्यात आहेत. बाकीचे सगळे आजही इक्विटी फंडात आहेत.